फुलोऱ्यात काहीही फवारायचं नाही

२२ ऑगस्ट, बॉथेल

शुगर लँडच्या माझ्या घरून निघताना दोन आठवडे राहायचं ठरवलं होतं. आज नकुलला पाहिलं आणि परतीचं तिकीट कॅन्सल केलं. सगळं आयुष्य भूलतज्ज्ञ म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं. माणूस किती खचलाय हे मला मॉनिटर न बघता कळतं. गालफडं बसलीत, भुवयासुद्धा गेल्यात. लिम्फोमा. केमो चालू आहे. "आई, तू कशाला धावत आलीस?" म्हणाला. म्हणजे यायलाच हवं होतं.

प्रीता एअरपोर्टवर घ्यायला आली ती कामावरून तशीच. नखांत माती. ती इथल्या एका मोठ्या नर्सरीत झाडांच्या किडी-रोगांचं बघते. जन्म न्यू जर्सीचा, आईवडील साताऱ्याकडचे. मराठी बोलते, पण वाक्य सुरू मराठीत होतं आणि संपतं कुठे ते तिलाही ठाऊक नसतं. नकुलची नोकरी आजारपणात गेली, त्यामुळे नवरा-बायको दोघांचा इन्शुरन्स तिच्याच नोकरीवर आहे. हे तिने गाडीत दोनदा सांगितलं. मी ऐकून घेतलं.

विवेक गेल्यापासून रोजचं थोडं लिहायची सवय लागली आहे. पूर्वी जेवताना त्यांना सांगायचे, आता वहीला सांगते.

२३ ऑगस्ट

मागच्या बेडरूममध्ये गांजा आहे!

चार कुंड्या, वर मोठे दिवे, कोपऱ्यात पंखा. मला वाटलं टोमॅटो असतील. प्रीताने काय ते सांगितलं. डॉक्टरांची परवानगी आहे, कायद्यात बसतं, सगळं खरं. केमोनंतर नकुलला भयंकर उलट्या होतात आणि नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. एक विशिष्ट जात त्याला मानवते. ती दुकानात मिळेनाशी झाली, म्हणून प्रीताने कुणाकडून तरी फांद्या आणून लावल्या.

झाडांच्या दांड्यांना चहाच्या पुडीएवढी कागदी पाकिटं टांगली होती. "हे काय?" तर म्हणे, "प्रेडेटर माइट्स, आई. कोळी असतात, टायनी. ते वाईट कोळ्यांना खातात. आता झाडं फ्लॉवरिंगला जाणार ना, मग काहीच स्प्रे करता येत नाही. नीमसुद्धा नाही. फुलावर जे बसेल ते त्याच्या पोटात जाणार. सो आधीच हे आणून ठेवायचे, आणि हवा खेळती ठेवायची."

म्हणजे ज्याच्या अंगात प्रतिकारशक्ती उरली नाही, त्याच्या घरात हिने पाकिटं भरून किडे आणून सोडलेत, आणि वर मला शिकवते.

एक गोष्ट मात्र तिने बरोबर सांगितली. फुलोऱ्यात काहीही फवारायचं नाही. हे मला पटलं. बाकी मी बघेन.

३० ऑगस्ट

केमो झाली. रात्रंदिवस उलट्या. दुकानातलं गांजाचं तेल दिलं, अर्धवट लागू पडलं. नकुल बाथरूमच्या लादीवर भिंतीला टेकून बसला होता आणि प्रीता त्याच्या पाठीला पाठ लावून बसली होती. मी म्हटलं, "ऊठ, तुझे कपडे बाहेरचे आहेत." ती म्हणाली, "मी बदललेत, आई." "केस?" ती उठली.

५ सप्टेंबर

दिव्यांची वेळ बदलली. आता झाडांना निम्मा दिवस अंधार द्यायचा, म्हणजे त्यांना फुलं येतात. प्रीता सगळं समजावून सांगत होती: खालची पानं काढायची, पंखा अजिबात बंद करायचा नाही, पिवळे चिकट कागद लावायचे, बाहेरचं कुठलंही रोप आत आणायचं नाही. मी म्हटलं, "मी दिवसभर घरात आहे, मीच करते." तिला हायसं वाटलेलं दिसलं. "थँक यू सो मच," म्हणाली आणि मला मिठी मारायला आली. मी हातात पाण्याचा मग धरला होता.

८ सप्टेंबर

भिंग घेऊन पानं तपासली. किडे आहेत! फिकट नारिंगी, आणि काय पळतात! सुईचं टोक नेलं की पानाच्या पाठीमागे पसार. संध्याकाळी प्रीताला दाखवलं. तिला आनंदच झाला. "हे आपले, आई! द गुड गाइज. फास्ट असतात ना, ते चांगले. वाईट असतात ते स्लो, पाठीवर दोन काळे ठिपके."

पळणारा किडा चांगला आणि संथ किडा वाईट! मी हसून मान हलवली.

९ सप्टेंबर

ती कामावर गेल्यावर सगळी पाकिटं काढून गॅरेजच्या डब्यात टाकली. मग कापूस ओला करून एकेक पान वरून-खालून पुसलं. थिएटरची तयारी केल्यासारखं वाटलं. कित्येक वर्षांनी हात असे चालले. नकुल दारात येऊन उभा राहिला. "आई, प्रीताने विचारलं तर काय सांगू?" म्हटलं, "सांग, आईने स्वच्छता केली." हसला. किती दिवसांनी हसला.

प्रीताला कळलं तेव्हा तिने त्या खोलीत जाऊन एकेक झाड पाहिलं. मग बाहेर येऊन भात लावला. जेवताना एवढंच म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मला आधी विचाराल?"

माझ्या मुलाच्या घरात मी विचारायचं.

१५ सप्टेंबर

महाराष्ट्र मंडळातल्या कांचन आल्या होत्या. साठीच्या आहेत, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. भरली वांगी आणली आणि कढीपत्त्याची कुंडी. इथे कढीपत्ता जगवणं कठीण, म्हणून मी म्हटलं मागच्या खोलीतल्या दिव्यांखाली ठेवते. पानं थोडी निस्तेज आहेत, टाचणीने टोचल्यासारखे पांढरे ठिपके आहेत आणि देठांपाशी बारीक कोळिष्टकं. पुसून घेतली. बिचारीला उजेड मिळाला की टवटवीत होईल.

गांजाला छोटी फुलं धरू लागलीत. हिरवे गोंडे. मला वाटलं नव्हतं, पण सुंदर दिसतात.

१७ सप्टेंबर

प्रीताला सांगितलं की कामाचे कपडे आणि बूट गॅरेजमध्येच काढायचे, तिथेच बदलायचं, आणि केस धुतल्याशिवाय नकुलजवळ जायचं नाही. गॅरेजमध्ये गार असतं, पण ती तरुण आहे. नर्सरीतल्या मातीत काय काय असतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. "माझ्या अंगावरून काही येत नाही, आई. आमच्याकडे प्रोटोकॉल आहे, मी तिकडेच चेंज करते." तरी केलं तिने मी सांगितलेलं. दाराच्या फटीतून दिसली, कुडकुडत शर्टाची बटणं लावत होती.

२४ सप्टेंबर

जे व्हायचं ते झालंच. वरच्या फुलांजवळच्या पानांवर पांढरे ठिपके. भिंगाखाली किडे. हे पळत नाहीत, आरामात बसलेत, पाठीवर दोन काळे डाग.

अंगाचा तिळपापड झाला. एवढी जपणूक करूनसुद्धा हिने आणलेच.

२५ सप्टेंबर

आज स्पष्ट बोलले. नकुल सोफ्यावर पडला होता, त्याच्यासमोरच.

प्रीताने खोलीत जाऊन पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो कढीपत्त्याचा. "आई, ही कुंडी कुठून आली? ही आत कधी ठेवली?"

"कांचनकडची आहे. आणि कढीपत्ता आपल्याकडे औषध म्हणून खातात."

"त्याच्यावर माइट्स आहेत. लुक, जाळी आहे. इथून आले असणार."

"वा! म्हणजे दिवसभर किड्यांत काम तू करणार आणि आणले मी?"

ती नकुलकडे बघत राहिली. तो डोळे मिटून होता. मग शांतपणे म्हणाली, "ओके. कुणी आणले ते जाऊ दे. अजून फिक्स करता येईल. मी उद्या प्रेडेटर्स परत आणते, डबल. खराब पानं काढू. स्प्रे नाही काही. ट्रस्ट मी, इट वर्क्स."

मी म्हटलं, "या घरात आता एकही किडा मुद्दाम येणार नाही. मी डॉक्टर आहे. माझ्या मुलाच्या रक्तात पांढऱ्या पेशी उरलेल्या नाहीत. तू रोज जिथून येतेस तिथे खत, शेण, बुरशी, सगळं आहे. झाडांचं सोड, त्याला काही झालं तर?"

"नर्स म्हणाली मी करते ते पुरेसं आहे."

"नर्स म्हणाली!"

मग तिने विचारलं, "मग मी काय करू? नोकरी सोडू? इन्शुरन्स माझ्यावर आहे, आई."

मी म्हटलं, "नोकरी सोडू नकोस. फुलोरा संपेपर्यंत दुसरीकडे राहा. झाडंही वाचतील, तोही."

मी नकुलकडे बघितलं, प्रीताने बघितलं. शेवटी म्हणाला, "थोडेच आठवडे आहेत, प्री. मला भांडण झेपत नाही."

तिचा चेहरा असा झाला की जणू कुणी थोबाडीत मारली. मला थोडं वाईट वाटलं, पण रोग्याच्या खोलीत भावना चालत नाहीत.

२८ सप्टेंबर

प्रीता तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना नकुलच्या कपाळाला हात लावायला वाकली, मग स्वतःच थबकली आणि हात मागे घेतला. शिकते आहे हळूहळू.

मला म्हणाली, "प्लीज, पंखा बंद करू नका. आणि शेवटी मी येऊन कापते, मी नीट वाळवते. वाळलं की ओव्हनमध्ये भाजून तुपात करून खायला द्यायचं, डॉक्टर म्हणालेत ओढायचं नाही, काउंट्स लो आहेत तोवर."

म्हटलं, बघू.

घर एकदम स्वच्छ वाटलं.

४ ऑक्टोबर

रोज पुसते. किड्यांचं प्रमाण खूप कमी झालं. सगळं कापूस आणि पाण्यावर, एक थेंबही औषध नाही. कांचनला फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "सुलभाताई, तुमच्यासारखी आई मिळायला नशीब लागतं."

११ ऑक्टोबर

पाऊस सुरू झाला. इथला पाऊस म्हणजे नुसती रिपरिप. खिडकीच्या फटीतून बारीक चिलटं येताना दिसली. खिडकी टेपने बंद केली. हवा बाहेर टाकणाऱ्या झरोक्यावर प्लॅस्टिक लावलं. पंख्याचाही विचार केला. पंखा एका झाडावरचं उडवून दुसऱ्यावर नेणार, म्हणून बंद केला. थिएटरमध्येही आम्ही उगाच हवा हलू देत नव्हतो.

आता या खोलीत बाहेरचं काहीही येऊ शकत नाही.

१९ ऑक्टोबर

प्रीता मागच्या अंगणातल्या काचेच्या दारापाशी आली होती. आत येणार नाही, नुसतं बोलते म्हणाली. मी नकुलची खुर्ची काचेजवळ लावून दिली. दार उघडलं नाही. दोघं फोनवर बोलत होते, काचेच्या दोन बाजूंनी. पाऊस लागला तरी ती हलेना, टोपीवरून पाणी गळत होतं. नकुलने काचेवर हात ठेवला, तिने बाहेरून ठेवला. मग थोड्या वेळाने मी पडदा ओढला. त्याला थंडी वाजत होती.

रात्री जेवला नाही. म्हणाला, "आई, ती परत येऊ दे ना." म्हटलं, "फुलं तयार होऊ देत, राजा." लहानपणी तापात असाच हट्ट करायचा.

२७ ऑक्टोबर

फुलं चांगली जाड झालीत, मनगटाएवढी. खोलीत आधी फार उग्र वास यायचा, डोकं धरायचं. आता तो गेला. ओल्या पोत्यासारखा मंद वास येतो, तो सुसह्य आहे. भिंतीला थोडं पाणी सुटतं, पुसून घेते.

१ नोव्हेंबर

दिवाळी. नकुलला उठवून गरम पाण्याने अंग पुसून दिलं, तेल लावलं. प्रीता दारात डबा ठेवून गेली. चिवडा, शंकरपाळी, आणि बेसनाचे लाडू. चिठ्ठी नव्हती. तिला कधी फराळ करताना पाहिलं नव्हतं. लाडू वेडेवाकडे होते, हाताने वळलेले.

त्याच हातांनी ती माती कालवते. मी डबा कचऱ्यात रिकामा केला आणि घासून बाहेर ठेवला.

दुपारी नकुल म्हणाला, "प्रीताने काही पाठवलं नाही? चिवडा करणार होती. तिच्या आईला फोन करून शिकत होती."

"विसरली असेल रे. कामं असतात तिला."

खोटं बोलले. पण त्याच्याच भल्याचं बोलले, म्हणून मनाला लागलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

६ नोव्हेंबर

आज झाडं कापली. प्रीताला बोलावलं नाही. आता शेवटच्या क्षणी तिला आत घ्यायचं म्हणजे इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात.

केवढा आनंद झाला! तिनेच सांगितलं होतं, पिकलेल्या फुलावर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे कण येतात. इथे तर कण काय, फुलांच्या पोटात पांढरा-राखाडी थर आहे, कापसासारखा मऊ. माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही दिसतो! दोन-तीन फुलं बोटाने दाबली तर आत तपकिरी आणि भुसभुशीत निघाली, ती काढून टाकली. बाकी सगळी ठेवली. किडा एकही नाही. औषधाचा थेंब नाही. कपाटात दोऱ्यांवर टांगली आणि दार लावून घेतलं.

१३ नोव्हेंबर

परवा पुन्हा केमो आहे, म्हणून फुलं काचेच्या बरण्यांत भरली. देठ अजून वाकतात, तुटत नाहीत. प्रीता म्हणाली होती देठ कटकन तुटला पाहिजे. तिचं सगळंच असं ताणायचं असतं.

१६ नोव्हेंबर

नकुलला उलट्या सुरू झाल्या आणि मी ठरवलं. तूप-बीप करत बसायला वेळ कुठे होता? पोटात टिकतच नाही तर तूप टिकणार कसं? श्वासातून दिलेलं औषध लगेच लागू पडतं. माझं अख्खं आयुष्य त्या शास्त्रात गेलं. ऑन्कॉलॉजिस्ट पोरगेला आहे, तो पुस्तकात लिहिलंय तेच सांगणार.

नकुलजवळ वाफ ओढायचं छोटं यंत्र पूर्वीचं होतं. तो म्हणाला, "आई, प्रीता म्हणाली होती ओढू नको."

"प्रीता डॉक्टर आहे का?"

पहिल्या झुरक्याला खूप खोकला. मग शांत झाला. उलटी थांबली! अर्ध्या तासाने भात मागितला, वरण-भात, वर तूप. मी भरवला. जेवता जेवता म्हणाला, "आई, तू नसतीस तर." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. विवेक असते तर त्यांना सांगितलं असतं की मी मुलाला वाचवलं.

२१ नोव्हेंबर

रोज सकाळ-संध्याकाळ देते. जेवतो. थोडा खोकला आहे, हवा बदलली की त्याला होतोच.

२७ नोव्हेंबर

ताप. श्वास लागतो. ऑक्सिजन बघितला आणि ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलावली. उद्या थँक्सगिव्हिंग, हॉस्पिटल निम्मं रिकामं.

२९ नोव्हेंबर

आयसीयू. फुफ्फुसात बुरशी आहे म्हणतात. दोन्हीकडे. एक तरुण डॉक्टरीण मला बाजूला घेऊन विचारत होती: घरात ओल आहे का, त्याने काही ओढलं का, मातीशी संबंध आला का?

मी लगेच सांगितलं, "त्याची बायको नर्सरीत काम करते. मी किती दिवस सांगत होते." तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "आणि ओढण्याचं?" म्हटलं, "घरचं, पूर्ण शुद्ध. एक थेंबही फवारलेला नाही." ती म्हणाली, थोडं घेऊन या, तपासायला लागेल. अवश्य तपासा म्हटलं. लपवण्यासारखं काही नाही.

३० नोव्हेंबर

प्रीता घरी आली, बरणी न्यायला. मीच काढून दिली, अभिमानाने. तिने झाकण उघडलं, नाकाशी नेलं, आणि उजेडात धरलं. खूप वेळ बघत होती.

"आई, हे तुम्ही त्याला ओढायला दिलंत?"

"रोज. त्यामुळेच तर जेवायला लागला."

ती मटकन खाली बसली, तिथेच लादीवर, बरणी मांडीत घेऊन. तोंडावर हात दाबला होता तरी आवाज येत होता. जनावरासारखा. मी पाणी आणून दिलं. मनात म्हटलं, आता हिला कळलं आपण काय करून बसलोय. महिन्यामागून महिने मी सांगत होते तेव्हा नाही कळलं.

मग ती मागच्या खोलीत गेली. टेप लावलेली खिडकी, झाकलेला झरोका बघून आली. परत आली तेव्हा रडणं थांबलं होतं. मला वाटलं आता भांडेल. पण बरणी आणि गाडीची किल्ली उचलून ती गेली.

४ डिसेंबर

रिपोर्ट आला. कायद्याने डॉक्टर आधी बायकोशी बोलतात, आईशी नाही. काचेतून दिसत होतं. डॉक्टरीण बोलत होती आणि प्रीता मान खाली घालून ऐकत होती. मग ती नकुलच्या पलंगाजवळ गेली. नकुलने मास्क बाजूला केला आणि काहीतरी सांगितलं. ती जोरजोरात मान हलवून नाही नाही म्हणत होती. त्याने तिचं मनगट धरलं. परत सांगितलं. शेवटी ती हो म्हणाली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय आलं रिपोर्टमध्ये?"

माझ्याकडे बघितलं तिने. डोळे लाल. "नक्की सांगता येत नाही म्हणाले, आई. कुठूनही येऊ शकतं."

"आणि नकुल काय म्हणत होता?"

"तुमची काळजी घे म्हणाला."

मला भरून आलं. त्या अवस्थेतही त्याला माझीच काळजी. कुठूनही येऊ शकतं! डॉक्टर सांभाळूनच बोलणार. मला काय ते कळलं.

७ डिसेंबर

व्हेंटिलेटर. नळी घालताना मला बाहेर काढलं. हजारो माणसांना मी नळी घातली असेल. माझ्या मुलाच्या वेळी काचेबाहेर.

११ डिसेंबर

नकुल गेला. पहाटे. प्रीता आणि मी होतो.

१९ डिसेंबर

मंडळाचे लोक भेटायला येतात. कांचन रोज डबा आणतात. सगळ्यांना एकच प्रश्न, एवढं कसं अचानक झालं? मी सांगते. बुरशीची लागण झाली. बायको दिवसभर खत-मातीत, अंगाबरोबर घरात यायचं. मी आल्यावर तिला दूर ठेवलं, पण तोवर उशीर झाला होता. लोक तिच्याकडे बघतात. ती चहाचे कप आणून ठेवते आणि परत स्वयंपाकघरात जाते. आज कांचनने तिच्यासमोरच म्हटलं, "अगं, नोकरी थोडे दिवस सोडता आली नसती का तुला?" प्रीता म्हणाली, "नाही, काकू." बस्स.

एका शब्दाने तिने माझं म्हणणं खोडलं नाही. खोडणार काय!

मागची खोली तिने एकटीने रिकामी केली. दिवे, कुंड्या, बरण्या, सगळं कुठेतरी नेऊन टाकलं. मला आत येऊ दिलं नाही. "तुम्ही बसा, आई," म्हणाली, "तुम्हाला त्रास होईल."

४ जानेवारी, एअरपोर्ट

विमानाला उशीर आहे, म्हणून इथेच बसून लिहिते.

प्रीता सोडायला आली. वायपर चालू होते. मी रात्रभर विचार केला होता. ही मुलगी आता एकटी आहे, मनावर एवढं ओझं घेऊन आयुष्य काढणार. मी मोठी आहे. माझ्या मनात राग ठेवून कुणाचं भलं होणार आहे? गाडी थांबली तेव्हा तिचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच घेतला असेल. खरखरीत हात, थंडगार.

म्हटलं, "प्रीता, झालं ते झालं. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. मी तुला माफ केलंय."

ती समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. तिच्या गळ्याशी शीर उडताना मला दिसत होती. एकदा तिने तोंड उघडलं. मग मिटलं.

"थँक यू, आई," म्हणाली.

उतरून तिने माझी बॅग काढून दिली, हँडल वर ओढून माझ्या हातात दिलं, कोटाचं वरचं बटण लावलं. काळजी घ्या म्हणाली. मी आत आले आणि काचेतून मागे वळून पाहिलं. गाडी तिथेच उभी होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, एक पोलीस हात करत तिच्याकडे येत होता, आणि ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती.

बरं झालं बोलले. तिचं मन थोडं तरी हलकं झालं असेल.